नदीची हद्द कोण आखणार?

आजचा एपिसोड न्यूझीलंडचा आहे, पण सुरुवात आपल्याला माहीत असलेल्या एका शब्दाने करूया: पाणलोट. पावसाचा थेंब डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला, यावर तो कुठल्या नदीला मिळणार हे ठरतं. सरकारी हद्दी मात्र वेगळ्याच हिशोबाने आखलेल्या असतात. वरच्या भागात झाडं तुटतात, गाळ खालच्या भागात येतो. मग खालच्यांनी दाद मागायची कोणाकडे?

न्यूझीलंडला हा प्रश्न १९३८ मध्ये जोरात पडला. फेब्रुवारीत कोपुआफारा नदीला रात्री अचानक पूर आला आणि रेल्वेच्या कामावरच्या एका छावणीतल्या २१ जणांचा जीव गेला. एप्रिलमध्ये एस्क नदीच्या खोऱ्यात पूर आला, तेव्हा शेतंच्या शेतं गाळाखाली गेली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी डोंगर उघडे केल्यामुळे माती सुटत होती, हेही तोवर जाणकारांना दिसू लागलं होतं. त्यातून १९४१ चा मृदसंधारण आणि नदी नियंत्रण कायदा आला, आणि पाणलोटानुसार मंडळं नेमायची सोय झाली. १९८९ मध्ये प्रादेशिक परिषदा तयार झाल्या, तेव्हा त्यांच्या सीमाही बऱ्याच अंशी पाणलोटांवरून आखल्या गेल्या. म्हणजे हद्दीचा प्रश्न सुटला? अर्धाच!

कारण एका प्रदेशात नद्या, ओढे, तळी आणि भूजल इतकं असतं की प्रत्येकाची वेगळी योजना करत बसलं तर काम संपत नाही. आणि सगळ्यांना एकच नियम लावला तर डोंगरातल्या स्वच्छ ओढ्याला आणि गोठ्यांशेजारच्या ओढ्याला एकच माप लागतं. म्हणून सारख्या स्वभावाच्या पाणलोटांचे गट करायचे. २०१४ च्या राष्ट्रीय गोड्या पाण्याच्या धोरणात अशा गटांना अधिकृत जागा मिळाली. गट पाडायचा, तिथलं पाणी कसं असावं हे ठरवायचं, आणि मग उपशाची आणि प्रदूषणाची मर्यादा घालायची.

पण ‘कसं असावं’ हे ठरवणार कोण? इथे कँटरबरीची गोष्ट महत्त्वाची. दुग्धव्यवसाय वाढला, सिंचन वाढलं आणि पाण्यावरून भांडणं लागली. २००९ मध्ये तिथे पाणी धोरण ठरलं, प्रदेशाचे १० विभाग केले आणि विभागवार समित्या नेमल्या. त्यात परिषदांचे लोक, माओरी समाजाचे प्रतिनिधी आणि स्थानिक नागरिक एकत्र बसले. प्राधान्यक्रमही ठरला: आधी पर्यावरण, माओरींचा पारंपरिक वापर, वस्त्यांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, सिंचन आणि वीज त्यानंतर.

आता गंमत बघा. लगेच पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, केंद्र सरकारने कँटरबरीची निवडून आलेली परिषदच बाजूला केली आणि आयुक्त नेमले. पूर्ण निवडून आलेली परिषद परत यायला २०१९ उजाडलं. म्हणजे खाली समित्यांमध्ये लोक एकमताने शिफारशी करतायत, आणि वर त्या शिफारशी ज्यांच्याकडे जाणार, त्यांना मत देऊन घरी पाठवायची सोयच नाही. मग हा सहभाग म्हणायचा, की नुसतं ऐकून घेणं? मला वाटतं, दोन्ही. समित्यांमुळे शेतकरी आणि माओरी एका टेबलाशी आले, हे खरंच मोलाचं. पण टेबल मिळालं म्हणजे अधिकार मिळाला असं होत नाही.

आणि पाणी तर आपल्या रेषा मानतच नाही. वायमाकारिरी नदीच्या उत्तरेकडच्या शेतांमधलं नायट्रेट नदीच्या खालून, भूजलातून, क्राइस्टचर्चच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतं, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. शेतं एका विभागात, ते पाणी पिणारं शहर दुसऱ्या विभागात!

म्हणून गट पाडून काम संपत नाही. गट कोणी पाडले, त्यात कोणाला बसवलं, आणि रेषेपलीकडे पाणी पिणाऱ्याला कोण विचारतं, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. १९३८ मध्ये खालच्या अंगाला राहणाऱ्यांचाही प्रश्न हाच होता.

भेटू पुढच्या भागात.