जुहूची धावपट्टी आणि समुद्र

भोपाळला समुद्र नाही, पण समुद्रकाठच्या जुहू विमानतळाशी आपल्या गावाचे जुने नाते आहे. १९३७ साली टाटांनी मुंबई–दिल्ली हवाई टपालसेवा सुरू केली, तेव्हा ती विमाने इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी जात.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने येथेच उतरले. जमीन सखल, पावसाळ्यात सगळा चिखल होई, म्हणून त्या दिवसांत टाटांची विमाने पुण्याहून उडत.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे मोठे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून चुकून येथे उतरले आणि धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले.

आता येथून समुद्रातील तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे जातात. त्यांच्या वाट्याला मात्र दरवेळी असे सुदैव आले नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी येथून निघालेले पवनहंसचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक गेले. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊपैकी चौघे दगावले.

ही सगळी माणसे रोजच्या ड्यूटीवर निघाली होती. आपण सकाळी डबा घेऊन कचेरीत जातो, तशीच. आपल्या गाडीतले पेट्रोल आणि घरातला गॅस यांमागे अशा माणसांची जोखीम असते. यंदा बाप्पाला निरोप देताना त्यांच्यासाठीही हात जोडूया.