आजोबांचा पुरावा

त्र्यंबकेश्वर मागे टाकून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे सह्याद्रीच्या उतरणीवर, साग आणि बांबू यांच्या सावलीत, हरसूल लागते. आठवड्याच्या बाजारी तेथे नागली, वरई, उडीद, सुकी मासळी आणि बांबूच्या पाट्या यांची जी दाटी होते, तीत क्षणभर कान देऊन उभे राहिले, तर कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या बोली एकमेकींत अशा मिसळलेल्या ऐकू येतात, की बोलणारा अलीकडचा की पलीकडचा हे ओळखणे परक्याला शक्य होत नाही आणि घरच्या माणसाला ते ओळखण्याची गरजच वाटत नाही. गरज वाटते ती फक्त सरकारदरबारी. तेथे मात्र हा प्रश्न गेली दीडशे वर्षे पुनःपुन्हा विचारला गेला आहे.

हरसूल हा जुन्या पेठ संस्थानाचा मुलूख. तेथील बेगमेच्या मृत्यूनंतर 1878 साली ते संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात सामील झाले. परंतु त्यामुळे या टापूतील राजवटींची गर्दी कमी झाली असे नाही. दक्षिणेस जव्हारचे राजे होते, वायव्येस धरमपूरचे राणे होते, उत्तरेस डांगचे भिल्ल नाईक होते आणि डोंगर उतरून सपाटीकडे गेले, की नगर हवेलीत चक्क पोर्तुगालच्या राजाचा अंमल लागे. दमणगंगा नाशिकच्या डोंगरांत उगम पावते आणि दमणला समुद्रास मिळते. तेवढ्या प्रवासात तिने इंग्रजी मुलूख, संस्थानी मुलूख आणि फिरंगी मुलूख असे तिन्ही पाहिले, आणि तिच्या काठच्या जमातींच्या सोयरिकीही तिच्यासारख्याच कोणाला न विचारता या सीमा ओलांडीत राहिल्या.

फिरंग्यांना ही हवेली मिळाली ती पेशव्यांकडून, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मराठी आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्या नुकसानीची भरपाई आणि इंग्रजांविरुद्धचा स्नेह या दोन्ही हेतूंनी 1779 च्या तहात बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले, आणि पुढे 1783 साली नगर हवेली व 1785 साली दादरा त्यांच्या हवाली झाले. पुणे दरबाराने जे दिले ते सरंजामाच्या जातीचे होते. महसूल खाण्याचा अधिकार दिला, राज्य दिले नाही. हा भेद पुढे पावणेदोनशे वर्षांनी पोर्तुगाल आणि भारत यांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चर्चेस आला, आणि मराठी सनदांतील शब्दांचा कीस तेथे काढला गेला. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांचे दान वसुलापुरतेच होते हे मानले, परंतु इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचे स्वामित्व मुकाट्याने गृहीत धरले होते, हेही नमूद केले. कारकुनाने सनदेत एक शब्द कमी लिहिला वा अधिक लिहिला, तर त्याची किंमत कोण्या काळी कोण्या खंडात मोजावी लागेल, याचा अंदाज त्या बिचाऱ्याला कोठून असणार!

तो निकाल लागला तेव्हा हवेलीतून पोर्तुगीज निघून गेल्याला सहा वर्षे होत आली होती. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दलाच्या आणि इतर संघटनांच्या स्वयंसेवकांनी, ज्यांत संगीतकार सुधीर फडके आणि तरुण बाबासाहेब पुरंदरे हेही होते, दादरा आणि मग हवेलीतले सिल्वासा मुक्त केले. तेव्हापासून 11 ऑगस्ट 1961 रोजी भारतात विलीन होईपर्यंत तो प्रदेश वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली राहिला. तेथे लिस्बनचा अंमल उरला नव्हता आणि दिल्लीचा कायदा अजून पोचला नव्हता.

आता आपल्याकडची एक साधी रीत ध्यानात घ्यावी. पहिले बाळंतपण माहेरी होते. हरसूलच्या एखाद्या वारल्याची बायको हवेलीकडची असली, आणि 1951 साली ती सातव्या महिन्यात डोंगर उतरून आईकडे गेली, तर तिच्या पोटचे लेकरू परदेशात जन्मले असे म्हणावे लागते. आईला हे कळण्याचे कारण नव्हते. तिच्या लेखी ती खालच्या अंगाला गेली होती एवढेच. कायद्याच्या लेखी मात्र त्या लेकराचे नागरिकत्व मातीवरून ठरत नव्हते, बापावरून ठरत होते; कारण 1955 च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी जन्मलेल्या अपत्यास वंशपरंपरेने नागरिकत्व दिले ते पित्याच्या नावे, आणि मातेचे नाव त्या कामी पुरेसे मानण्यास 1992 साल उजाडावे लागले. लेकरू जिच्या माहेरी जन्मले, तिच्या साक्षीला चाळीस वर्षे मोल नव्हते.

उलट दिशेचा प्रश्न अधिक बिकट होता. बाप हवेलीचाच, मूलही तिकडलेच, आणि पोटापाण्यासाठी सारे कुटुंब वर चढून हरसूलकडे आलेले, असे असेल तर? परक्या देशाच्या माणसाने अर्ज करून, शपथ घेऊन नागरिक व्हावे, यास कायद्यात देशीयकरण म्हणतात. आणि बापाचे देशीयकरण झाले म्हणून त्याची अज्ञान मुले आपोआप नागरिक होत नाहीत, त्यांची निराळी नोंदणी करावी लागते. हे सारे सोपस्कार नागली पेरणाऱ्या माणसावर लादले असते, तर पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या ओट्यावर बसण्यात गेल्या असत्या. सरकारने शहाणपण केले. 1962 च्या हुकुमाने ठरविले, की जो स्वतः, किंवा ज्याच्या मातापित्यांपैकी एक, किंवा ज्याच्या आजा-आज्यांपैकी कोणीही एक, 11 ऑगस्ट 1961 पूर्वी दादरा आणि नगर हवेलीत जन्मला असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल. गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठीही त्याच वर्षी असाच हुकूम निघाला. कागदोपत्री एवढी उदारता मी क्वचितच पाहिली आहे. शिवाय येथे आजीही चालली.

परंतु आजोबा एकदा कायद्यात शिरले, ते तेथून निघाले नाहीत. 6 सप्टेंबर 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला, आणि पुढे हरसूलच्या कोकणा वा वारली मुलाला जमातीचा दाखला हवा असेल, तर त्याचे पूर्वज त्या तारखेस कोठे राहत होते, हे विचारले जाऊ लागले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, डांग पलीकडे गेले, आणि एकाच जमातीची भावंडे दोन राज्यांच्या दोन याद्यांत विभागली गेली. आंध्रात जमातीच्या यादीत असलेल्या बापाच्या मुलास मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती सवलत मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली ठरविले. जमात त्या-त्या राज्यापुरती, हा त्याचा आशय. पुढे 2001 साली अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या जात-पडताळणी कायद्याने पुराव्याचा सारा भार दावेदाराच्या शिरावर ठेवला. तेव्हापासून हरसूलचा विद्यार्थी बारावीच्या निकालाआधी आजोबांच्या शोधाला लागतो.

हा शोध कोठे लागतो? एक तर गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात. जुन्या पानांवर वळणदार मोडीत मयताचे नाव, बापाचे नाव, जात आणि मरणाचे कारण लिहिलेले असते. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द, ‘ताप’. कोतवालाने पाटलास सांगायचे आणि लिहिणाऱ्याने ऐकू येईल तसे टिपायचे. त्यामुळे ‘कोकणा’ कोठे कोठे ‘कुणबी’ होतो, आणि त्या एका शब्दाने नातवाचे वर्ष जाते. दुसरा आधार शाळेच्या जनरल रजिस्टराचा. असे एक रजिस्टर मी एकदा चाळले आहे. कापडी बांधणीचे, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. एका पानावरील बहुतेक मुलांची जन्मतारीख 1 जून अशी होती. गुरुजींनी मूल पाहिले, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो की नाही तपासले, आणि शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा पहिला दिवस बहाल केला. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र गुरुजींनी काही कल्पिले नव्हते. आईने सांगितले तेच लिहिले होते, आणि चार ठिकाणी तेथे गावाचे नाव नव्हते. नुसते ‘मामाकडे’ असे होते.