विमानातली थंडी कुठून येते?



आजचा विषय युद्धाचा नाही, पण युद्ध त्यात येणार आहे. सैन्यातल्या माणसाला गप्पा मारायला बसवलं की ते टळत नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला निघालो होतो. दिल्लीहून सुटलं की पश्चिम किनाऱ्यापर्यंत सोळा तास. आमच्या शेजारी इंदूरच्या एक मराठी काकू होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. पाय मोकळे ठेवता यावेत म्हणून मुलाने त्यांना दरवाज्याजवळची जागा घेऊन दिली होती. तीन तासांत त्यांचे पाय बर्फासारखे झाले. पातळ सुती साडी, पायात चपला आणि अंगावर विमानातलं ते रुमालाएवढं पांघरूण. मला म्हणाल्या, "अहो भाऊ, बाहेर एवढी थंडी असते म्हणतात, ती फटीतून आत शिरते का हो?"

मी ठोकून दिलं, "हो, शिरतेच की."

घरी परतल्यावर वाचायला बसलो, तेव्हा कळलं की मी त्यांना जवळजवळ संपूर्ण चुकीचं सांगितलं होतं.

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करू. तेव्हाची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि वैमानिकाचं डोकं उघड्यावर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे जमिनीवर दहा अंश असतील, तर पाच हजार मीटरवर उणे बावीस, आणि वर शंभर मैलांचा वारा तोंडावर. या विमानांत आपली माणसंही होती. हरदित सिंग मलिक पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण मुद्दाम करून घेऊन सॉपविथ कॅमल उडवत होते. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय होते. ते जुलै १९१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पडले. आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. ते डॉल्फिन विमान उडवत, जून १९१८ मध्ये पाडले गेले आणि जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. वेलिणकरांचं नाव आपल्या किती घरांत माहीत आहे? असो, त्यांच्यावर स्वतंत्र बोलायला हवं.

याच काळात सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या एक गोष्ट लक्षात आली. तो इंजिनाचं काम करत होता, तेवढ्यात उड्डाणाचा हुकूम आला. कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून तेला-ग्रीसने माखलेल्या डगल्यातच तो उडाला. खाली उतरल्यावर बाकीचे काकडत होते आणि हा मात्र ठीकठाक. त्याने विचार केला, तेव्हा उमगलं की तेलाने कापडाची छिद्रं बुजली होती, त्यामुळे अंगाजवळची गरम हवा आतच कोंडून राहिली. मग १९१७ मध्ये त्याने तीन थरांचा पोशाख शिवून घेतला. आत फर, मध्ये वारा अडवणारं रेशीम, बाहेर घट्ट विणीचं कापड. त्याच्या नावावरूनच त्याला 'सिडकॉट' म्हणू लागले आणि तो पुढे कित्येक वर्षं वापरात राहिला. आपल्या आज्यांना हे गोधडीवरून ठाऊकच होतं म्हणा. ऊब कापडात नसते, दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते.

प्रवासी विमानं आली तेव्हा आपल्या बाजूला आधी त्रास झाला तो उकाड्याचा. ३० मार्च १९२९ ला इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. आठवडाभराचा प्रवास, थोडा विमानाने, मध्ये युरोपात आगगाडी, मग समुद्रावर उतरणारं विमान आणि कैरोपासून पुढे वाळवंटावरून. रात्री मुक्काम. शारजाला तर प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं होतं. विमानं कमी उंचीवरून जात, त्यामुळे इराणच्या आखातावर प्रवासी घामाने निथळत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, त्या इवल्याशा पस मॉथमध्ये वातानुकूलनाचं नावही नव्हतं. टपालाला ना उकडत होतं ना थंडी वाजत होती.

विमान उंच नेल्याशिवाय वादळं टाळता येत नव्हती, आणि उंच नेलं की माणूस गारठतो व त्याचा श्वास अपुरा पडतो. हे किती भयंकर असतं ते पाहायला लांब जायला नको, आसामात जाऊ. १९४२ ते १९४५ या काळात चबुआ, दिनजान, मोहनबाडी, जोरहाट इथून अमेरिकन विमानं हिमालयाची पूर्वेकडची टोकं ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेत. या मार्गाला ते 'हंप' म्हणत, म्हणजे उंटाचं मदार. साडेसहा लाख टनांच्या आसपास सामान गेलं आणि शेकडो विमानं डोंगरांत पडली. या विमानांत हवेचा दाब राखायची सोय नव्हती. मेंढीच्या कातड्याचे कोट, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आणि पंखांवर साचणारा बर्फ. खाली आसामात उतरले की त्याच कोटाखाली घामाच्या धारा.

त्याच सुमारास अमेरिकेत प्रवाशांसाठी वेगळी वाट निघाली होती. बोइंगचं स्ट्रॅटोलायनर १९४० मध्ये सेवेत आलं. आतल्या हवेचा दाब राखणारं हे पहिलं प्रवासी विमान. आपल्याकडे ही सोय आली ८ जून १९४८ ला. त्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचं विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालं.

आता इथेच काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाहेरची विरळ हवा माणसाला पुरेल इतकी करायची, तर ती दाबावी लागते. आणि हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तेच हे. आजच्या बहुतेक जेट विमानांत इंजिनातच दाबलेली हवा थोडी बाजूला काढून प्रवाशांसाठी घेतात. ती दोनशे अंशांच्या घरात असते. बाहेर उणे पन्नास-पंचावन्न, आणि इंजिनातून येणारी हवा उकळत्या पाण्यापेक्षा गरम! विमानाच्या पोटातली यंत्रं ती थंड करतात, मग आतलीच गाळलेली हवा तिच्यात मिसळून वरच्या फटींतून सोडतात. त्यात गप्प बसलेला प्रत्येक माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. तीनशे माणसं म्हणजे तीस किलोवॅटची शेगडी. म्हणून एवढ्या उंचीवरही यंत्राचं मुख्य काम आतला भाग थंड ठेवण्याचंच असतं.

म्हणजे काकूंच्या अंगाला लागणारा गारवा बाहेरून आलेला नव्हता, कोणीतरी ठरवून केलेला होता. 'जवळजवळ चुकीचं' म्हणालो, कारण दरवाज्याजवळ आणि खिडकीच्या भिंतीला बाहेरची थंडी थोडी जाणवतेच. तिथले पाय खरोखर गारठतात. शिवाय आतली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. बाहेरच्या थंड हवेत बाष्पच नसतं, त्यामुळे अंगावरचा ओलावा भराभर उडतो आणि तापमापक बावीस दाखवत असला तरी वीसच्या खाली असल्यासारखं वाटतं. कर्मचारी सतत गाड्या ढकलत चालत असतात, त्यांना उकडतं. आपण सोळा तास खुर्चीला खिळलेले. एकाच हवेत दोन ऋतू.

जमिनीवर मात्र उलटं होतं. जूनमध्ये नागपूर-दिल्लीला विमान उन्हात उभं असतं, इंजिनं बंद असतात, शेपटीतलं छोटं इंजिन किंवा बाहेरून जोडलेली नळी जेवढी थंड हवा देईल तेवढीच. तेव्हा अंगावर चार थर चढवून बसू नका. थर हातात ठेवा, वर गेल्यावर चढवा.

आता माझी गोष्ट सांगतो. हा भाग बोलावा की नाही, यावर दोन दिवस विचार केला.

लेह आणि विमान यांचं नातं २४ मे १९४८ पासूनचं. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने लोकांच्या हातांनी धावपट्टी करून घेतली, आणि त्या दिवशी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी झोजीलापलीकडे नेऊन डाकोटा तिथे उतरवलं. शेजारी जनरल थिमय्या. दाब राखणारी सोय नसलेलं विमान, दहा हजार फुटांवरची कच्ची पट्टी. पुढे ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं ए.एन.-१२ शंभरावर माणसांसह बेपत्ता झालं. २००३ मध्ये लाहौलच्या हिमनदीत त्याचा पहिला माग लागला आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं बर्फ एकेक जवान परत देत राहिला. आम्ही तरुण असताना त्या विमानाचं काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी लेहच्या विमानात बसताना प्रत्येकजण त्याचा मनात विचार करायचा, बोलायचं कोणी नाही.

ऐंशीच्या दशकातला जानेवारी. मी कॅप्टन होतो. सुट्टीवर निघालेल्या तीसेक जवानांना चंदीगडपर्यंत पोचवून मला परत यायचं होतं. बर्फातले खास कपडे आणि बूट खाली न्यायचे नसतात, कोठारात जमा करायचे असतात. सकाळी घाई नको म्हणून ते सगळं मी आदल्या संध्याकाळीच जमा करून घेतलं. कामाचा उरक दाखवायची हौस, दुसरं काय. एक हवालदार सातारकडचा, पंधरा वर्षांची नोकरी झालेला. तो म्हणाला, "साहेब, विमान येईस्तोवर बूट राहू द्यात की." मी म्हणालो, "सगळ्यांना एकच नियम."

विमान चार तास उशिरा आलं. आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे, साध्या बुटांत. मग मालवाहू विमानाच्या पोटात कडेच्या पट्ट्यांच्या बाकांवर बसलो. खालचा पत्रा बर्फाच्या लादीसारखा, मागचा दरवाजा बराच वेळ उघडा, आणि उड्डाणानंतरही ऊब आली ती पुढे बसलेल्यांच्या वाट्याला. हवालदार मागे होता. चंदीगडला त्याला उतरताना नीट पाय टाकता येईना. बूट काढले तर डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी. त्याची दोन महिन्यांची सुट्टी इस्पितळात गेली आणि दोन बोटांची टोकं कापावी लागली.

मला परत लेहलाच जायचं होतं, म्हणून माझा कोट आणि बूट मी जमा केले नव्हते. सगळा वेळ ते माझ्या अंगावर होते.

त्याने कधी एक शब्द काढला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा "तुम्ही कशाला आलात साहेब, लांबून?" एवढंच म्हणाला. पुढे माझ्या हाताखालची तुकडी जेव्हा जेव्हा विमानाने खाली उतरली, तेव्हा बूट विमानाच्या शिडीशी जमा झाले, त्यापूर्वी नाही. कोठाराच्या कारकुनांशी त्यावरून माझे बरेच खटके उडाले.

काकूंच्या बाबतीत म्हणूनच बहुधा मी जरा जास्तच केलं. माझ्याजवळचे लोकरीचे मोजे त्यांना दिले. त्यावर आमच्या सौभाग्यवतींची शाल गुडघ्यापासून खाली गुंडाळली आणि त्यावर विमानातलं पांघरूण. पायाखाली पत्र्याऐवजी माझी कापडी पिशवी. वाईन आली तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांना म्हणालो, दारूने कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर जाते. त्यांनी ऐकलं नाही. मग परिचारिकेला विनंती केली की या भागाचं तापमान थोडं वाढवता येईल का. विमानाचे भाग पाडलेले असतात, प्रत्येकाचं तापमान वेगळं ठरवता येतं. विचारलं की बहुतेक वेळा करतात. तिनेही केलं.

काकू झोपल्या. तासाभराने पुढच्या रांगेतला एक धिप्पाड तरुण उठून आला, स्वेटर काढत, आणि परिचारिकेला विचारू लागला की एवढं गरम कोणी केलं. मी डोळे मिटून घेतले.