उसाच्या जिल्ह्यातील एक समज आणि गाठीची भूक

१९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरत गेला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यातून १९५०-५१ च्या हंगामात साखर बाहेर पडली. ज्या साखरेवर हा जिल्हा उभा राहिला, तीच कर्करोगाच्या रुग्णाच्या ताटातून सर्वांत आधी हद्दपार होते. साखर तोडली की गाठ उपाशी मरेल, हा समज त्यामागे असतो.

या समजाचे मूळ धरणाच्याच दशकातले, पण बर्लिनमधले. ओटो वॉरबर्ग यांनी गाठींचे पातळ काप तपासले. प्राणवायू मुबलक असूनही त्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टिक आम्ल करीत होत्या. हा व्यवहार वरवर तोट्याचा. ऊर्जा थोडीच हाती लागते. मात्र वाढत्या पेशीला नव्या पेशी घडवण्याचा कच्चा मालही ग्लुकोजमधूनच मिळतो. पेशींचे श्वसन बिघडल्याने असे होते, हा वॉरबर्ग यांचा निष्कर्ष मात्र बहुतेक गाठींबाबत टिकला नाही.

१९२५ मध्ये अमेरिकेत कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतील रक्त तपासले. गाठीच्या बाजूने परतणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक होते. गंमत अशी, की स्नायूंतील लॅक्टिक आम्लापासून यकृत पुन्हा ग्लुकोज बनवते, हेही पुढे याच दांपत्याने दाखवले. म्हणजे ताटातील साखर थांबली तरी रक्तातील थांबत नाही. यकृत ती घडवतच राहते, प्रसंगी स्नायूंतील प्रथिने मोडून. अतिलठ्ठपणा आणि वाढलेले इन्सुलिन काही कर्करोगांना पोषक ठरतात, हे खरे. पण आधीच खंगलेल्या रुग्णाचे अन्न तोडले, तर आधी झिजतो तो रुग्ण.

गाठीची ही हाव निदानाच्या मात्र कामी आली. २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिली पेट तपासणी सुविधा सुरू झाली. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून दिले जाते. पेशी ते आत घेतात, पण पचवू शकत नाहीत आणि गाठ पडद्यावर उजळते. रक्तातील साखर या द्रव्याशी स्पर्धा करू नये, म्हणून रुग्णाला आधी चार ते सहा तास उपाशी ठेवतात. त्या उपवासातही गाठ ग्लुकोज ओढतच असते.