हरल्याचा राग कुणावर काढायचा?

यवतमाळच्या समता मैदानाला गावात सगळे पोस्टल ग्राउंडच म्हणतात. संध्याकाळी तिथे फेरी मारायला गेलं की एखादी तरी लाल जर्सी हमखास दिसते, मँचेस्टर युनायटेडची. जर्सीतला पोरगा दारव्हा रोडचा नाहीतर लोहाऱ्याचा असतो आणि त्याला ग्लेझर घराण्याचा मनापासून संताप असतो. या अमेरिकन कुटुंबानं २००५ साली कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं, हे तो घडाघडा सांगतो. २०२४-२५च्या हंगामात हा संघ इंग्लंडच्या लीगमध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. इथे अपरात्री आवाज बारीक करून सामने पाहणाऱ्यांना ती घसरण घरातल्या दुखण्यासारखी लागली. त्या पोरांच्या रागाला मी कधी हसलो नाही. राग येतो, कारण काहीतरी आपलं मानलेलं असतं.

पण त्यालाच विचारा की महाराष्ट्रातल्या कुठल्या क्लबच्या मालकावर तू इतका चिडतोस? तो गप्प होतो. ही गप्प बसण्याची सवय त्याची एकट्याची नाही. आपल्याकडे समर्थकाच्या रागाला जायला जागाच फारशी ठेवली गेली नाही, आणि हे आजकालचं नाही. याची सुरुवात शोधायची तर मुंबईच्या रोव्हर्स कपपर्यंत मागे जावं लागतं.

१८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो गोऱ्या पलटणींसाठी. पहिला करंडक वुस्टरशायर रेजिमेंटनं नेला आणि पुढची पंचेचाळीसएक वर्षं तो लष्कराबाहेर गेलाच नाही. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरलं. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सनं ती साखळी तोडली, १९४० साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं कप जिंकला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांकडे राहिला. ही नावं ओळीनं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कूपरेज मैदानावर गर्दी मुंबईकरांची, मोठे सामने मात्र पाहुण्यांचे. चांगला खेळ बघायला मिळाला, टाळ्या वाजवल्या, घरी गेले. हैदराबाद हरलं तर परळच्या माणसानं कुणाच्या दारात जाऊन जाब विचारायचा?

मग कंपन्यांचे संघ आले. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, सेंट्रल रेल्वे, आरसीएफ, एअर इंडिया. या संघांनी केलेलं काम मोठं आहे आणि ते नीट सांगितलंही जात नाही. खेळाडूला नोकरी मिळाली, पगार मिळाला, पाय मोडला तरी चूल पेटती राहिली. गरीब घरातला पोरगा फुटबॉल खेळून संसार करू शकला तो या मस्टरमुळे. पण संघ कंपनीचा होता. बाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाचं त्यात नाव नव्हतं. हरल्यावर विचारणा झालीच तर ती क्रीडा अधिकाऱ्याला वरच्या साहेबाकडून व्हायची, आणि संघ बंद करायचा ठरला तर तेही तिथेच ठरायचं.

महिंद्राचं उदाहरण मला सर्वांत जास्त लागतं. १९६२ साली सुरू झालेला हा संघ २०००मध्ये महिंद्रा युनायटेड झाला, नुसत्या कंपनीचा न राहता शहराचा क्लब व्हायला निघाला. डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६चं राष्ट्रीय लीगचं विजेतेपद त्यानं मुंबईत आणलं. आणि २०१०मध्ये, यापुढे शालेय फुटबॉलवर भर देऊ असं सांगून, कंपनीनं संघ बंद केला. पराभवांची रांग लागली होती म्हणून नव्हे, निर्णय झाला म्हणून. चार वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाच्या समर्थकाला त्या निर्णयाआधी कुणी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धतच नव्हती.

पुण्यात हेच दोनदा झालं. अशोक पिरामल ग्रुपचा पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत मिटला. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला. बालेवाडीत नारिंगी टीशर्ट घालून येणारी ‘ऑरेंज आर्मी’ उभी राहिली. २०१८च्या हंगामात तीन सामने झाले आणि प्रशिक्षक मिगेल अँजेल पोर्तुगाल यांना काढलं. प्रद्युम रेड्डींनी काही दिवस गाडा ओढला आणि मग फिल ब्राऊन आले. समर्थक चिडले होते, पण निदान चिडायला संघ होता. २०१९मध्ये पैशाअभावी क्लबच संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबनं घेतली आणि ब्राऊनही तिकडे गेले. ज्या पोरांनी पाच वर्षं नारिंगी रंग मिरवला त्यांनी हैदराबादच्या संघाला काय म्हणून हाक मारायची?

इंग्लंडमध्ये असंच घडलं होतं. २००२ साली विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायची परवानगी मिळाली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि नवव्या स्तरापासून सुरुवात करून २०११मध्ये फुटबॉल लीगपर्यंत मजल मारली. क्लब हा समर्थकांचा असतो, ही गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली होती. राग आला तेव्हा तो उभारणीच्या कामी आला.

आपल्याकडे अंगवळणी पडलेलं असं काही नाहीच, असं म्हणायला जावं तर कोल्हापूर आडवं येतं.

कोल्हापुरात संघ पेठेचा असतो, तालमीचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, शिवाजी पेठेतली खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ. तालमी मुळात कुस्तीच्या. त्याच तालमीचा गणपती, तीच शिवजयंती, निवडणुकीची बैठकही तिच्याच कट्ट्यावर आणि फुटबॉलचा संघही तिचाच. खर्च वर्गणीतून, देणगीदारांकडून, कधी राजकारण्याच्या खिशातून. साखळी सामने भरवणारी संस्था संस्थानकाळातली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. गावात नुसतं केएसए. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुकानं लवकर ओढली जातात आणि गॅलरी दुपारीच भरते.

इथली हार बघण्यासारखी असते. शेवटची शिट्टी झाल्यावर गॅलरीतून उतरणारा माणूस बडबडत उतरतो, ‘पोरं नुसती उभी ऱ्हायल्यात, पळायचं न्हाई तर उतरलाच कशाला?’ आणि हे ज्याच्याविषयी चाललंय तो बचावपटू त्याच्याच गल्लीत राहतो. रात्री कट्ट्यावर तो येतो, मान खाली घालून बसतो. संघ व्यवस्थापक चहा मागवतो. कुणी म्हणतो, बाहेरची पोरं आणून पैसे घालवले आणि आपली पोरं बाकावर बसवली. कुणी म्हणतो, नोंदणीच्या वेळी तो चांगला गोलकीपर पलीकडच्या पेठेनं पळवला तेव्हा तुम्ही काय करत होता? हंगामाआधी केएसएकडे खेळाडू नोंदणी होते, ते दिवस पेठांमध्ये लग्नसराईइतके धामधुमीचे. गेल्या काही वर्षांत परदेशी, बरेचसे आफ्रिकी, खेळाडू आणायची ईर्ष्या लागली, आणि हरल्यावर पहिला हिशोब त्यांच्याच पैशांचा निघतो. ज्यानं वर्गणी दिली तो हिशोब मागू शकतो. व्यवस्थापकाला उत्तर द्यावं लागतं, कारण उद्या सकाळी दूध आणायला त्याच रस्त्यानं जायचं असतं.

याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हाच राग गॅलरीतून दगड होऊन उतरला आहे. शिवीगाळ, हाणामारी, पोलिसांच्या लाठ्या, अर्ध्यावर थांबलेले सामने, थांबलेल्या स्पर्धा, हे सारं कोल्हापूरनं एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. केएसएनं दंड केले, बंदी घातली. स्टेडियमशेजारी राहणाऱ्यांनी घराच्या काचा सोसल्या. पेठेचं प्रेम पेठेच्या वैरात बदलायला एक चुकीचा ऑफसाइड पुरतो. हे क्षम्य नाही, आणि ‘आमची ईर्ष्याच तशी’ म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांचं मला पटत नाही. तरीही एक फरक राहतोच. कोल्हापूरच्या माणसाला ठाऊक असतं की संघ कुणाच्या चुकीनं हरला आणि तो चूक करणारा कुठे भेटेल.

मुंबईत २०१८च्या जूनमध्ये याच्या अगदी उलट घडलं. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात १ जूनला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं. सुनील छेत्रीनं तीन गोल केले. बघायला आले होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं मोबाइलवर एक चित्रफीत टाकली आणि हात जोडून विनवलं की आमच्यावर टीका करा, शिव्या घाला, पण त्या मैदानावर येऊन घाला. कर्णधारानं शिव्या मागाव्यात ही साधी गोष्ट नाही. त्याला कळलं होतं की चिडलेला प्रेक्षक परवडतो, न येणारा प्रेक्षक परवडत नाही. ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता. पाऊस कोसळत होता, तिकिटं संपली होती, आणि भारतानं ३-०नं सामना काढला. त्यात दोन गोल छेत्रीचेच.

त्या रात्री भिजलेल्या माणसांना या खेळाच्या कारभारात मात्र काहीच जागा नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रं तेव्हा आमच्याच विदर्भातल्या, गोंदियाच्या प्रफुल पटेलांकडे होती. त्यांची मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, आणि मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दूर करून प्रशासक नेमले. ऑगस्टमध्ये फिफानं बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबित केलं आणि अकरा दिवसांनी ते मागे घेतलं. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. कल्याण चौबे ३३, बायचुंग भुतिया १. मतं राज्य संघटनांची. देशभरातल्या लहान मुलांनी ज्याच्या नावाच्या जर्सी घातल्या, त्या भुतियाला एक मत पडलं. समर्थकांना मत असतं तर काय झालं असतं याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

राग संघटित झाला तर काय होतं हे कोलकात्यानं दाखवलं. २०२०मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या क्लबशी जोडला गेला आणि १८८९च्या क्लबच्या नावाआधी तीन परकी अक्षरं लागली. समर्थकांनी ‘एटीके हटवा’ हा धोशा तीन वर्षं सोडला नाही. संघ हरतानाही आणि, हे विशेष, जिंकतानाही. १८ मार्च २०२३ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघानं इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच संध्याकाळी मालक संजीव गोएंकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. तिथे क्लबचे सभासद असतात, त्यांच्या निवडणुका होतात, गल्लीगल्लीत वाद होतात. त्या सवयीनं ही लढाई लढली.

त्याच फातोर्ड्यावर १४ ऑक्टोबर २०२५ला भारत सिंगापूरकडून १-२ हरला. लालियनझुआला छांगतेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला होता. नंतर साँग उई-याँगनं दोन मारले. २०२७च्या आशियाई चषकाची दारं तिथेच बंद झाली. प्रशिक्षकाच्या बाकावर खालिद जमील होते, महिंद्राकडून खेळलेले आणि मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेले, ऑगस्टमध्येच नेमलेले. सगळ्यांचा राग त्यांच्यावर निघाला. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार झाली. मला त्या टीकेतलं बरंचसं अनाठायी वाटलं. इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आलेला, नवा झालेला नाही, हंगाम ठरल्या वेळी सुरू नाही, क्लबनी सराव थांबवलेले. अशा स्थितीत प्रशिक्षकानं कुठून संघ घडवायचा? पण प्रशिक्षक समोर दिसतो. करार न करणारे दिसत नाहीत. डिसेंबर अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपनंही लीगच्या अनिश्चिततेचं कारण देत मुंबई सिटी क्लबमधली २०१९मध्ये घेतलेली मालकी सोडली.

त्याच २०२५च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. माजी खेळाडूंना कारभारात जागा मिळाली, आणि हे फार आधी व्हायला हवं होतं. तिकीट काढणाऱ्याला ती अजून मिळालेली नाही. निदान राज्य पातळीवर, क्लबच्या पातळीवर, समर्थकांचा एक निवडलेला प्रतिनिधी बैठकीला बसावा, हिशोब त्याच्यासमोर ठेवला जावा आणि क्लब विकायचा, हलवायचा किंवा बंद करायचा असेल तर आधी त्याला सांगितलं जावं, एवढं मागायला आपण सुरुवात करायला हवी. कोल्हापूरच्या कट्ट्यावर व्यवस्थापक चहा मागवून उत्तरं देतो, ते मुंबई-पुण्याच्या मालकांना का जमू नये?