रणसंगीताचे यांत्रिक कूळ

1999 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘मेडल ऑफ ऑनर’ या दुसऱ्या महायुद्धावरील व्हिडिओ गेमला मायकेल जियाकीनो यांनी पूर्ण वाद्यवृंदाचे संगीत दिले, आणि खेळाची मूळ कल्पना स्टीव्हन स्पीलबर्ग यांची असल्याने त्या संगीताचे कूळ हॉलिवुडच्या युद्धपटांत शोधले जाते. ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. रणसंगीत आणि यंत्र यांची गाठ चित्रपटाच्या जन्माआधीच व्हिएन्नात पडली होती.

तेथील योहान मेल्झेल याने ‘पॅनहार्मोनिकॉन’ बांधले होते, म्हणजे भात्याच्या हवेवर आणि खिळे बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर चालणारे, वादकांविना अख्ख्या लष्करी बँडचा नाद काढणारे यंत्र. जून 1813 मध्ये स्पेनमधील व्हितोरिया येथे वेलिंग्टनने फ्रेंचांना हरवल्यावर मेल्झेलने बेथोव्हेनकडून या यंत्रासाठीच विजयाची रचना मागवली. ती पुढे वाद्यवृंदासाठी वाढवण्यात आली व 8 डिसेंबरला जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सादर झाली, तेव्हा तोफांच्या जागी मोठे ढोल होते, बंदुकांच्या जागी करकरणारी लाकडी रॅचेट होती आणि हा भडिमार सांभाळायला खुद्द संगीतकार सालिएरी उभा होता.

रचनेची कल्पना कोणाची, यावर वाद आहे. बेथोव्हेनने कृतीवर आपलाच हक्क सांगून मेल्झेलवर दावा लावला. उलट मोशेलेस या समकालीन संगीतकाराने ढोलांच्या चालींसह सारा आराखडा मेल्झेलचा असल्याचे लिहून ठेवले. मोशेलेसचेच म्हणणे अधिक पटते, कारण यंत्राला काय झेपते ते आधी ठरवून मग स्वर मांडायचे, हा क्रम यंत्र बांधणाऱ्यालाच सुचावा. व्हिडिओ गेमचा संगीतकारही याच क्रमाने चालतो: खेळाडू चकमक मिनिटात संपवेल की भिंतीआड दडून राहील हे ठाऊक नसल्याने, संगीताचे पुन्हा पुन्हा फिरवता येतील आणि हवे तेथे जोडता येतील असे तुकडे करावे लागतात. 1991 सालची लुकासआर्ट्सची ‘आयम्यूझ’ प्रणाली हेच जोडकाम खेळ चालू असताना करीत असे.

ध्वनिमुद्रणात वादकांच्या कानांत वाजणारा ‘क्लिक’चा ठोका मेट्रोनोमच्याच घराण्यातला, आणि मेट्रोनोमचे पेटंट 1815 साली घेणाराही मेल्झेलच. मात्र त्यातली लंबकाची युक्ती ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, मेल्झेलने तिला मोजपट्टी जोडली एवढेच, आणि दुसऱ्याची कल्पना आपल्या नावावर घेण्याचा हा दाखला मोशेलेसच्या साक्षीविरुद्ध जातो, हे येथे मान्य करणे भाग आहे.