दोन जीबीच्या भिंतीपलीकडचं दफ्तर

२ जीबी म्हणजे आज काय? वरातीचे दोन-चार व्हिडिओ. दुपारपर्यंत डेटा पॅक संपवायला एवढं पुरतं. पण रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसींना गाड्या, माल आणि माणसं पुरवणाऱ्या छोट्या ऑफिसांचा अख्खा पत्रव्यवहार याच २ जीबीपाशी अडकून पडलेला मी पाहिला आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. जुन्या मशीनमधून मेल काढून देणं हा त्यातलाच एक भाग.

तुम्हाला प्रश्न पडेल, मेल मशीनमध्ये कशाला? सर्व्हरवर असते ना! तेव्हा नसायची. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. सर्व्हरवर मिळणारी जागा मोजून-मापून. १ एप्रिल २००४ला जीमेल १ जीबी घेऊन आलं, तेव्हा हॉटमेल फुकटात २ एमबी देत होतं. म्हणून फोनची तार जोडायची, मेल उतरवून घ्यायची, सर्व्हरवरची पुसायची आणि लाइन तोडायची, अशी रीत होती. उतरवलेलं सगळं आउटलुक एकाच फाईलमध्ये ठेवी. तिचं नाव पीएसटी.

१९९७च्या आउटलुकपासून २००२च्या आवृत्तीपर्यंत या फाईलची मर्यादा होती २ जीबी. नेमका आकडा २,१४,७४,८३,६४८ बाइट. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. ३२ बिटांच्या संख्येत एक बिट अधिक-उण्याच्या खुणेला गेला, की उरलेल्या ३१ बिटांत एवढंच मावतं. फाईलमधल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता अशाच संख्येत लिहायचा, मग पत्ते संपले की घर बांधायला जागा असूनही उपयोग नाही. सुरुवातीच्या आवृत्त्या जवळ आल्याचं सांगतही नसत. ड्रॉइंग येत, बिलांचे स्कॅन येत, फाईल फुगत जाई आणि एका सकाळी उघडेनाशी होई. त्यात गंमत अशी, की मेल डिलीट करून फाईल लहान होत नाही; आत फक्त मोकळी भोकं पडतात. ती आवळण्याची वेगळी आज्ञा असे, ती कुणाला ठाऊक नसे. २००३च्या आउटलुकमध्ये नवी रचना आली, मर्यादा २० जीबी झाली. पण जुनी फाईल आपोआप नवी होत नव्हती. नवं आउटलुक टाकूनही कित्येक ऑफिसं जुनीच फाईल ओढत राहिली.

अशीच एक फाईल न्हावरा-चौफुला रस्त्यावरच्या एका गावातून माझ्याकडे आली. माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची. ठेकेदार वारले होते. मशीन घेऊन त्यांची मुलगी आली. म्हणाली, ‘‘दादा, आण्णांचं सगळं यातच आहे. माणसं पीएफसाठी दारात येतात, मी काय दाखवू?’’ २००६ आणि २००७मध्ये कोण कुठे कामाला होतं, याची हजेरी ते दर महिन्याला मेलने पाठवत. कागद वाळवीने खाल्ले होते.

पहिला नियम, मूळ फाईलला हात लावायचा नाही. आधी तिची प्रत करायची. मग ती उघडून पाहिली तर आत वाचण्यासारखं काहीच नाही. कामगाराचं नाव शोधलं, सापडलं नाही. याचा अर्थ नाव गेलं असा नव्हे. पीएसटीत मजकूर सहसा एका ठरलेल्या तक्त्याप्रमाणे बदलून ठेवलेला असतो. प्रत्येक बाइटच्या जागी दुसरा बाइट. तक्ता कायम तोच, त्यामुळे त्याला कुलूप म्हणणं फारच झालं. मला ती मोडी वाटते. मोडीही काही लपवण्यासाठी नव्हती, पण लिपी न शिकलेल्याला आजोबांच्या खरेदीखतात नुसत्या वेलांट्या दिसतात.

आणि मोडी म्हटलं की पेशवे दफ्तर आठवतंच. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची फौज आमच्या याच शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि तिचे कागद इंग्रजांच्या हाती गेले. त्या रुमालांतून गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग काढले. तीही निवडच होती. राजवाडे गावोगाव फिरून मिळेल तो कागद जपत. त्यांचा हट्ट मला जास्त पटतो. पीएफच्या कामात तर ‘महत्त्वाचं’ काय हे आधी कळतच नाही.

फुगलेल्या फाईलसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय मात्र अगदी कसायाचा होता. एक छोटं अवजार फाईलची शेपटी कापतं, साधारण २०-२५ एमबी, म्हणजे ती मर्यादेच्या आत येते. मग दुरुस्तीचं अवजार, स्कॅनपीएसटी, उरलेल्या भागाच्या सूच्या पुन्हा जुळवतं. सूच्या मुख्यतः दोन: कोणती मेल कोणत्या तुकड्यांची, आणि तो तुकडा फाईलमध्ये कुठे पडला आहे. शेपटीत शेवटच्याच मेल असतात असं नाही. मोकळ्या भोकांत नव्या मेल जाऊन बसतात, त्यामुळे कापताना काय जाईल हे कापेपर्यंत समजत नाही. म्हणून मी दुसऱ्या प्रतीवर न कापता वाचणारी अवजारंही चालवली. जगभरच्या लोकांनी ही रचना उकलून फुकट अवजारं केली आहेत, आणि २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ती जाहीर केली.

दोन रात्री मशीन चालू होतं. दौंडला लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर. तिसऱ्या दिवशी हजेरीपत्रकं निघू लागली. काहींवर विषय नाही, काहींवर तारीख नाही, पण आत नावं होती, दिवस होते, शेवटी आण्णांचं नाव होतं. मुलगी एकेक उघडून मोठ्याने वाचत होती आणि वहीत लिहून घेत होती.

२००७चा मार्च मात्र मिळाला नाही. दोन्ही प्रतींत ती जागा रिकामीच. पुढच्या आठवड्यात तिने निरोप पाठवला: एका कामगाराच्या बायकोने ट्रंकेतून त्या महिन्याच्या पगाराची पावती काढून दिली आहे, बाकीच्यांकडे ती घरोघर विचारत फिरते आहे.